एचपीटी-३२ ‘दीपक’: एका इंजिन फिटरने दिलेले स्टार

मिक्सर, मोबाईल, मिसळ, सगळ्यावर लोक रिव्ह्यू लिहितात. विशीतली पोरं ज्या यंत्रात बसून उडायला शिकतात त्यावर मात्र कुणी लिहीत नाही. अपघात झाला की दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात: प्रशिक्षण विमान कोसळले, दोघांचा मृत्यू, चौकशीचे आदेश. विमान कुठलं होतं, कसं होतं, रोज हाताळणारे त्याच्याबद्दल काय बोलायचे, हे त्या चार ओळींत मावत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकजवळ ओझरच्या एचएएल, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात एचटीटी-४० या नव्या ट्रेनर विमानाची दुसरी उत्पादन लाइन सुरू झाली. तेजसच्या नव्या लाइनचं उद्घाटनही त्याच दिवशी झालं, त्यामुळे बातम्यांत सगळा उजेड तेजसवर. आमच्या पेन्शनर मंडळींच्या ग्रुपवर मात्र चर्चा ट्रेनरचीच. आता आपल्या महाराष्ट्रात बनणार म्हणून अभिमान, तो मलाही आहे. पण नवी वस्तू जोखायची तर जुनी कशी होती ते माहीत असलं पाहिजे, आणि जुनी वस्तू म्हणजे एचएएलचंच एचपीटी-३२, दीपक. मी हवाई दलात इंजिन फिटर होतो. नोकरीची बरीच वर्षं या विमानाच्या नाकाशी उभा राहून काढली. पायलट नव्हतो, त्यामुळे वर गेल्यावर कसं वाटतं ते मला विचारू नका. वर पाठवताना कसं वाटायचं ते सांगू शकतो.

आधी वस्तूची ओळख. दीपकचं पहिलं उड्डाण ६ जानेवारी १९७७ ला झालं आणि १९८४ पासून ते हवाई दलात आलं. त्याआधी पोरं एचटी-२ वर शिकायची, पन्नाशीच्या दशकातलं विमान, शेपटीखाली चाक असलेलं. दीपक सगळं धातूचं, पंख खाली, तीन चाकं, आणि ती आत न जाणारी. नाकात लायकमिंग कंपनीचं एईआयओ-५४० इंजिन, आडवे झोपवलेले सहा सिलिंडर, तीन इकडे तीन तिकडे, २६० अश्वशक्ती. पुढे दोन पात्यांचा पंखा. सगळं भरून वजन साधारण साडेबाराशे किलो. हैदराबादजवळ दुंडिगलच्या एअर फोर्स अकॅडमीत पंचवीस वर्षं पोरांनी पहिलं उड्डाण यावरच केलं. पुढे कुणी मिग उडवलं, कुणी मिराज, कुणी हेलिकॉप्टर, पण पहिली भीती आणि पहिला सोलो दीपकचा.

यातली सगळ्यात चांगली गोष्ट बैठक. प्रशिक्षक आणि कॅडेट शेजारी शेजारी. कागदावर ही साधी सोय वाटते, पण शिकवण्याच्या कामात हीच अर्धी शिकवणी. पोराने स्टिक किती आवळून धरलीय, पाय रडरवर कडक झालाय का, नजर आत मीटरवर खिळलीय की बाहेर क्षितिजावर आहे, हे प्रशिक्षकाला बाजूला नुसतं बघितलं तरी कळतं. पोरालाही कळतं. सरांचा हात स्टिकपासून किती लांब आहे यावरून आपलं काय चाललंय याचा अंदाज त्याला येतो. आम्ही खाली चॉक्स, म्हणजे चाकांना लावायचे ठोकळे, घेऊन उभे असायचो. विमान टॅक्सी करत परत आलं की काचेतून दोन डोकी दिसायची. प्रशिक्षकाचा हात हवेत तलवारीगत फिरताना दिसला की आमचा कोल्हापूरकर कॉर्पोरल हळूच म्हणायचा, ‘‘आज पोराचं लँडिंग बसलं न्हाई.’’ आणि दोघं गप्प बसून समोर बघत येताना दिसले की काहीतरी जास्तच बिनसलंय असं समजायचं.

चाकं आत जात नाहीत हाही नवशिक्यासाठी गुणच. चाकं बाहेर काढायला विसरून पोटावर उतरण्याचा प्रश्नच नाही. काच मोठी, बाहेरचं सगळं दिसणारी. वेग बेताचा, जोर लावून ताशी अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर. आणि तरीही पूर्ण उलटंपालटं होणारं विमान. लूप, रोल, स्पिन सगळं करता यायचं. इंजिनच्या नावातली सुरुवातीची अक्षरं तेच सांगतात: एअरोबॅटिक्ससाठी बनवलेलं, इंजेक्शनचं, उलटं उडतानाही तेल मिळत राहील अशी व्यवस्था असलेलं.

देखभालीबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो. दीपक फिटरचं विमान होतं. कावलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडली की सगळं हाताशी. हात सोलून घेत, आरसा लावून, आंधळेपणाने नट शोधायची वेळ कमी यायची. पहाटे, सूर्य उगवायच्या आत, लाइनवर विमानं रांगेत उभी असायची आणि आमचं काम टाक्यांच्या तळापासून सुरू व्हायचं. काचेच्या बरणीत थोडं पेट्रोल काढायचं आणि उजेडाकडे धरून बघायचं. एव्हगॅस १०० एलएल, म्हणजे विमानाचं पेट्रोल, निळं असतं. तळाशी पाण्याचा थेंब असेल तर वेगळा दिसतो, कचरा असेल तर दिसतो. मग तेल, मग पंख्याच्या पात्यांवरून बोट फिरवून कुठे टवका उडालाय का ते बघायचं. मग ग्राउंड रन. इंजिन ठरलेल्या आरपीएमवर आणायचं, एक मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगी देणारं यंत्र, बंद करायचा, आरपीएम किती पडतो ते बघायचं, तो परत चालू, मग दुसरा. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, दोन मॅग्नेटो, एक गेला तरी दुसरा खेचून नेईल अशी रचना. खालचे प्लग तेलाने काळे व्हायचे, ते काढून साफ करणं हे नित्याचं. तेवढं झालं की फॉर्म ७००, म्हणजे विमान उडायला तयार आहे अशा सह्यांचा कागद. त्याला आम्ही नुसतं ‘सेव्हन हंड्रेड’ म्हणायचो. माझी सही, एअरफ्रेमवाल्याची सही, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंट, आणि शेवटी जो घेऊन जाणार त्याची. सहीखाली सही. ज्यांना सरकारी कागद म्हणजे टाइमपास वाटतो त्यांनी एकदा तो फॉर्म भरून बघावा. त्या विमानात कोण बसणार आहे ते समोर हेल्मेट घेऊन उभं असतं, आणि बऱ्याचदा त्याला मिसरूडही नीट फुटलेलं नसतं.

इथवर वाचून वाटेल की पाचपैकी पाच. आता दुसरी बाजू.

दीपकचं इंजिन हवेत बंद पडायचं. रोज नाही, दर आठवड्याला नाही, पण एखाद्या ट्रेनरच्या बाबतीत चालवून घ्यावं त्याहून फार जास्त वेळा. वर्षानुवर्षं इंधनाच्या व्यवस्थेत बदल झाले, तपासण्या वाढल्या, सूचना निघाल्या, पण आजार मुळातून गेला नाही. हवाई दलाच्या सेवेत असताना अशी १७ विमानं अपघातांत गेली आणि १९ जणांचा जीव गेला. हा आकडा जाहीर आहे, पेपरात छापून आलेला आहे. शेवटचा अपघात ३१ जुलै २००९ चा, दुंडिगलवरून निघालेलं विमान मेडक जिल्ह्यात पडलं. आत दोघेही प्रशिक्षक होते. मला हा अपघात बाकीच्यांपेक्षा वेगळा वाटतो तो यासाठी. शिकाऊ पोरगं असलं की ‘अनुभव कमी पडला’ असं म्हणून लोक मोकळे होतात. तिथे ती सोय नव्हती. त्यानंतर सगळी विमानं जमिनीवर उभी केली गेली, शंभराहून जास्त, आणि शिकवणीला ती परत कधी उडाली नाहीत.

इंजिन बंद पडणं म्हणजे लगेच मरण नव्हे, हे इथे सांगितलं पाहिजे. एका इंजिनाच्या कुठल्याही विमानात कधीतरी इंजिन बंद पडू शकतं, आणि म्हणूनच फोर्स्ड लँडिंग हा धडा पहिल्या काही तासांतच शिकवतात. नाक खाली घालायचं, वेग टिकवायचा, शेत निवडायचं. प्रश्न असा की बंद इंजिनाने विमान किती लांब जातं. दीपकबद्दल पायलट लोक चहाच्या टपरीपाशी बोलायचे ते एकच: हे तरंगत नाही, उतरतं. पुढे पंखा नुसता फिरत हवा अडवतोय, खाली तीन चाकं लोंबकळतायत, पंखांची लांबी जेमतेम साडेनऊ मीटर. आता हिशेब करा. समजा विमान मिनिटाला हजार फूट या दराने खाली येतंय आणि उड्डाणानंतर पाचशे फुटांवर इंजिन गेलं. हातात अर्धा मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात काय झालंय ते कळायला पाहिजे, नाक खाली गेलं पाहिजे, पंप, टाकी, मिक्श्चर, मॅग्नेटो तपासून इंजिन परत चालू होतंय का बघायला पाहिजे, रेडिओवर सांगायला पाहिजे आणि समोर जे दिसतंय त्यातलं बरं काय ते निवडायला पाहिजे. दुंडिगलच्या आसपास समोर दिसतं काय? तेलंगणाचे ते गोटे, तलाव, विजेच्या तारा, मधेच भाताची खाचरं. माणसाचं मन अशा वेळी मागे वळून धावपट्टीकडे जायला बघतं. कमी वेगात, कमी उंचीवर वळलं की एक पंख आधी उचल सोडतो आणि विमान त्या बाजूला फिरत खाली येतं. हे पोराला माहीत असतं, पाठ असतं, प्रशिक्षकाला तर झोपेत माहीत असतं. पण अर्धा मिनिट म्हणजे अर्धा मिनिटच.

आणि खुर्ची. दीपकमध्ये इजेक्शन सीट, म्हणजे खटका ओढला की माणसाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची, नव्हती. उडी मारायची तर काच मागे सारा, पट्टे सोडा, उभे राहा, पंखावर या आणि मग स्वतःला खाली टाका. याला उंची लागते, विमान जरा स्थिर लागतं. उंची असली तर माणूस विमान वाचवायला बघतो, आणि नसली तर उडीचा उपयोग नसतो. या एका मुद्द्यावर मी दीपकला शून्य देतो. अर्धा स्टारही नाही. आणि हे शून्य बैठकीच्या पाचात आणि देखभालीच्या साडेचारात मिसळून सरासरी काढायची नाही, कारण सरासरी काढली की विमान ‘तीन स्टार, बरं आहे’ असं दिसायला लागतं. पंचवीस वर्षं नेमकी तीच सरासरी काढली गेली, असं माझं मत. रोज शंभर उड्डाणं नीट होतात, त्यामुळे एकशे एकावं डोळ्याआड होतं.

हे वाचून काही जण लगेच म्हणतील, देशी माल असाच. त्यांच्यासाठी अमेरिकेची गोष्ट. अमेरिकन हवाई दलाने नव्वदीच्या दशकात आपल्या कॅडेटसाठी टी-३ए फायरफ्लाय नावाचं विमान घेतलं, ११३ नग. मूळ इंग्लंडच्या स्लिंग्सबी कंपनीचं. त्याआधी त्यांची पोरं टी-४१ वर, म्हणजे साध्या सेस्नावर शिकत. अधिकाऱ्यांना वाटलं, पोरांना कसरती करता याव्यात, म्हणून हे ताकदीचं विमान आणलं. त्यातही बैठक शेजारी शेजारी, चाकं आत न जाणारी, इजेक्शन सीट नाही आणि नाकात तेच लायकमिंग एईआयओ-५४०, तेच २६० अश्वशक्तीचं. मॉडेलच्या शेपटीला एक अक्षर काय ते वेगळं. १९९५ ते १९९७ या काळात तीन विमानं पडली, तीन प्रशिक्षक आणि तीन कॅडेट गेले. तिथेही हवेत आणि जमिनीवर इंजिन बंद पडण्याच्या तक्रारी होत्याच. १९९७ च्या जुलैत त्यांनी सगळी विमानं उभी केली आणि २००६ मध्ये चक्क मोडीत काढली. विकलीही नाहीत.

गंमत अशी की तेच फायरफ्लाय ब्रिटनमध्ये सैनिकी शिकवणीसाठी वर्षानुवर्षं उडत होतं आणि तिथे त्याच्या नावाने कुणी बोटं मोडली नाहीत. इंजिन तेच. मग फरक कुठे? अमेरिकेतली अकॅडमी कोलोरॅडोत, समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांच्या वर, हवा विरळ. दुसरा तळ टेक्सासमध्ये, तिथला उन्हाळा मराठवाड्यातल्या माणसालाही ओळखीचा वाटेल. इंजेक्शनच्या पिस्टन इंजिनांची एक खोड जगभरच्या फिटरांना माहीत आहे. उन्हात उड्डाण करून आलं, दहा-पंधरा मिनिटं बंद करून ठेवलं, की कावलिंगखाली उष्णता कोंडते आणि बारीक नळ्यांमधल्या पेट्रोलची वाफ होते. मग चालू करताना इंजिन खोकतं, धरतं, सोडतं. जमिनीवर हे झालं तर फिटर वैतागतो, हवेत झालं तर जीवावर बेततं. म्हणजे निव्वळ इंजिन चांगलं की वाईट हा प्रश्नच अपुरा. ते कुठल्या सांगाड्यात बसवलंय, टाकीपासून त्याच्यापर्यंत पेट्रोल कुठल्या वाटेने येतं, आणि बाहेर पारा किती आहे, हे सगळं मिळून वस्तू होते. लायकमिंगची इंजिनं जगात हजारो लहान विमानांत लोक निर्धास्त उडवतात. म्हणून इंजिनला शिव्या देणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही, आणि विमान निर्दोष म्हणणाऱ्यांशी तर नाहीच.

अपघातानंतर लाइनवर काय होतं हे बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. पहिलं काम म्हणजे कागद ताब्यात जातात. त्या विमानाचा फॉर्म ७००, इंजिनचं लॉगबुक, कुणी कधी काय काम केलं त्याच्या नोंदी, सगळं सील. ज्या बाउझरमधून, म्हणजे टँकरमधून, त्या दिवशी पेट्रोल भरलं त्यातले नमुने काढले जातात, तेलाचेही. मग कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. सही करणाऱ्या प्रत्येकाला बोलावलं जातं, आणि बोलावणं येईपर्यंत तो माणूस जेवणाच्या ताटावर बसून मनातल्या मनात ती पहाट परत परत तपासत असतो: बरणी उजेडाकडे धरली होती ना, झाकण फिरवून बघितलं होतं ना. युनिट कुठलंही असो, ट्रेड कुठलाही असो, हे चुकत नाही. घरी बायको विचारते, काय झालं, आणि सांगण्यासारखं काही नसतं. मेसमध्ये त्या दिवशी डाळ उरते.

२००९ नंतरची कहाणी झरझर सांगतो. दीपकला वाचवायचा एक विचार झाला होता, संपूर्ण विमानालाच मोठं पॅराशूट लावायचा. इंजिन गेलं की खटका ओढायचा, सगळं विमान छत्रीखाली उतरणार. काही खासगी लहान विमानांत ही सोय असते आणि तिथे तिने जीव वाचवलेले आहेत. पण दीपकच्या बाबतीत मला तो गळक्या घरावर प्लास्टिक टाकण्याचा प्रकार वाटला. शेवटी विमानं उभीच राहिली ती राहिली. मधली चार वर्षं पोरांना थेट किरण जेटवर शिकवलं. किरण १९६४ साली पहिल्यांदा उडालेलं, म्हणजे बहुतेक प्रशिक्षकांपेक्षाही वयाने मोठं. पण एक सांगतो, किरणमध्ये बैठकही शेजारी शेजारी आणि इजेक्शन सीटही. म्हणजे दोन्ही एकत्र देणं आपल्याला साठीच्या दशकात जमलं होतं. पहिल्याच पायरीला जेट हे महागाचं आणि घाईचं काम, ती गोष्ट वेगळी.

माझी खरी चुटपुट आणखी एका विमानाची. १९८४ मध्ये, म्हणजे दीपक हवाई दलात आलं त्याच वर्षी, त्याच सांगाड्यावर टर्बोप्रॉप, म्हणजे पंखा फिरवणारं जेट जातीचं इंजिन बसवून एचटीटी-३४ नावाचं विमान उडवलं गेलं होतं. पिस्टन नाही, मॅग्नेटो नाही, पेट्रोल नाही. ते कुणी घेतलं नाही. घेतलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं असं मी म्हणणार नाही. पण दुसरा पर्याय तेव्हा नव्हताच, असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही.

२०१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या पिलाटस कंपनीशी ७५ पीसी-७ मार्क-२ विमानांचा करार झाला आणि २०१३ पासून ती दुंडिगलला आली. टर्बोप्रॉप, सातशे अश्वशक्ती, इजेक्शन सीट, एकामागे एक बैठक. माझ्या जुन्या सोबत्यांकडून ऐकलं की लाइनवरचं आयुष्यच बदललं. प्लग साफ करणं संपलं, निळं पेट्रोल संपलं. प्रशिक्षक मात्र मागच्या सीटवर गेला. आता त्याला पोराचं हेल्मेट मागून दिसतं, चेहरा नाही. पुढे लढाऊ विमानात एकट्यानेच बसायचं आहे तर आत्तापासून सवय झालेली बरी, असं याचं समर्थन करतात. मला ते अर्धंच पटतं. पहिल्या दहा तासांत पोराला चेहरा लागतो. पण माझ्या हातात निवड दिली तर चेहरा सोडून खुर्ची घेईन, यात शंका नाही.

आणि खुर्ची घेतली म्हणजे झालं, असंही नाही. ४ डिसेंबर २०२३ ला सकाळी दुंडिगलवरून नेहमीच्या प्रशिक्षण उड्डाणाला गेलेलं पिलाटस मेडक जिल्ह्यातच, तूप्रानजवळ पडलं. प्रशिक्षक आणि कॅडेट दोघेही गेले. दोघांच्याही बुडाखाली इजेक्शन सीट होती. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर सकाळपासून कुणी ‘गुड मॉर्निंग’ची फुलं टाकली नाहीत, तेवढ्यावरूनच मला कळलं की काहीतरी झालंय. इजेक्शन सीट जीव वाचवते तेव्हा तिला दोन गोष्टी लागतात: ओढण्याचा निर्णय आणि तो अमलात यायला क्षणभराची फुरसत. विमान कुठल्या उंचीवर, किती वेगाने, कुठल्या कोनात खाली येतंय यावर ती फुरसत ठरते. तरी पिलाटसला मी चार स्टार देतो. एक कापतो तो बैठकीसाठी आणि थोडा परकेपणासाठी, कारण सुटा भाग परदेशातून यायची वाट बघत उभं राहिलेलं विमान हे कुठल्याही फिटरला बघवत नाही.

आता ओझरच्या मंडळींची वस्तू. एचटीटी-४० पहिल्यांदा ३१ मे २०१६ ला बेंगळुरूत उडालं. पुढच्याच महिन्यात त्याचा जाहीर समारंभ झाला तेव्हा संरक्षणमंत्री होते मनोहर पर्रीकर, आणि ते तिथे हजर होते. गोव्याचा माणूस, आयआयटीतला इंजिनिअर. २०२३ मध्ये हवाई दलासाठी ७० विमानांचा ६,८०० कोटींहून जास्तचा करार झाला. इंजिन हनीवेलचं टीपीई-३३१, पिलाटसच्या इंजिनापेक्षा ताकदीचं. इजेक्शन सीट आहे. बैठक एकामागे एक. वातानुकूलित कॉकपिट आहे, याला काही जण चैन म्हणतील. मे महिन्यात दुपारी दुंडिगलच्या डांबरावर काच बंद करून उभ्या असलेल्या विमानात ज्याने बसून बघितलंय तो म्हणणार नाही. आणखी एक सोय म्हणजे इंजिन चालू ठेवूनच पायलट बदलता येतो, इंधनही भरता येतं. दिवसात जास्त उड्डाणं होतील, हे खरं. फिटरच्या बाजूने मात्र दोन उड्डाणांच्या मध्ये विमान शांत उभं राहतं ती दहा मिनिटं सोन्याची असतात. तेव्हाच कुठलंतरी ओलं दिसतं, काहीतरी सैल लागतं. ती दहा मिनिटं कुठे गेली हे मला बघायचंय.

याला स्टार आज देत नाही. कारखान्याच्या गेटवर हार घातलेल्या विमानाला स्टार देणं म्हणजे दुकानात बसून स्कूटरचा रिव्ह्यू लिहिणं. आधी दोन उन्हाळे जाऊ देत, चाळीस-बेचाळीस डिग्रीत पोरांनी सर्किट अँड लँडिंगचा, म्हणजे धावपट्टीभोवती फेरी मारून परत परत उतरण्याचा, रगाडा काढू दे, लाइनवरच्या फिटरला हे विमान हातात बसलं का ते कळू दे.

माझा एक लांबचा भाचा ओझरलाच कामाला लागलाय. गणपतीला घरी आला तेव्हा विमानाचे फोटो दाखवत होता, रंग, पंखा, कॉकपिटमधले मोठे स्क्रीन. मी त्याला म्हटलं, ‘‘स्क्रीन राहू दे. इंजिन बंद केल्यावर हजार फुटांत किती लांब जातं, तेवढं विचारून सांग.’’ म्हणाला, ‘‘मामा, ते आमच्या सेक्शनला नाही.’’ मग दुसऱ्या कुठल्या सेक्शनला असेल तिथे जाऊन विचार, असं सांगून ठेवलंय. दिवाळीला येणार आहे.